आधी जाणारी गाणी

सलग सहा वर्षं माझ्या मामानं मला फसवलं, आणि त्या सहाही वर्षांच्या कागदांवर माझी सही आहे.

मी कानांची तपासणी करणारी टेक्निशियन आहे. आमची एक व्हॅन आहे. तिच्यात आतून गालिचा चिकटवलेली एक बंद खोली आहे. खोली म्हणजे उभं कपाटच, त्याला एक काचेची खिडकी. कामगार आत स्टुलावर बसतो, हेडफोन चढवतो, हातात बटण धरतो. मी बाहेर मशीनपाशी. मी सूर सोडते, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. प्रत्येक कारखान्यात वर्षातून एकदा व्हॅन न्यायची, दिवसाला साठ-सत्तर माणसं उरकायची. मामाचा बिजागऱ्यांचा कारखाना माझ्याच यादीत होता. नात्यातलं माणूस तपासू नये असा काही नियम नाही. असायला हवा होता.

मामा तिथे प्रेसवर. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून दणका. मिनिटाला बेचाळीस दणके, एकतीस वर्षं. कारखान्यात त्याला सगळे ठोक्या म्हणत, पण ते प्रेसमुळे नव्हे. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण, बाकाची कड, शेजाऱ्याचं हेल्मेट, हाताला लागेल ते तो वाजवायचा. हेल्मेट डोक्यावर असलं तरी.

कारण मामा मुळात ड्रमर. विशीत असताना चार मित्रांनी बँड काढला होता. एकाच्या वडिलांचं मोटारींचं गॅरेज होतं, तिथे सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून हे वाजवायचे. टायरांच्या चळतीवर एक साधा टेपरेकॉर्डर ठेवून चार गाणी टेप केली. कार्यक्रम झाले दोन. दुसऱ्यात मध्येच लाइट गेली. "आमच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या," मामा सांगायचा.

बँड संपला, पण त्या जातीच्या गाण्यांचं वेड राहिलं. कुठल्या कुठल्या शहरातली पोरं स्वतःच्या खोलीत, जिन्यात, तळघरात स्वस्तातल्या मायक्रोफोनवर टेप करायची आणि कॅसेटची अदलाबदल टपालानं चालायची. मामाकडे बुटांची सहा खोकी भरून त्या कॅसेट. त्यात खुर्ची करकरते, कोणी खोकतं, गिटार इतकी फाटलेली वाजते की मामी विचारायची, "अहो, रेडिओ बिघडलाय की हे मुद्दाम?" बँडची नावं मामाच्या लक्षात राहत नसत. तो गाण्यांना खोल्यांची नावं द्यायचा. बाथरूमचं गाणं, जिन्याचं गाणं. एकात छताचा पंखा कुरकुरतो आणि ड्रमरनं चक्क पंख्याचाच वेग धरलाय, ते पंख्याचं गाणं. "स्टुडिओतलं गाणं म्हणजे इस्त्रीचा शर्ट," तो म्हणायचा. "हे म्हणजे घरातलं बनियन. भोकं आहेत, पण आपलं आहे."

माझ्या बाराव्या वाढदिवसाला त्यानं अशा गाण्यांची एक कॅसेट बनवून मला दिली होती. मी पुढे आवाजाचंच शिकले, ते बहुतेक तिच्यामुळे.

तर सातव्या वर्षाची गोष्ट. सकाळी मशीनच्या पडद्यावर ऊन यायला लागलं म्हणून मी ते थोडं सरकवलं. मग मामाचा नंबर होता. नेहमीप्रमाणे दोन्ही कान उत्तम, वीस डेसिबलवर जवळजवळ सरळ रेघ. मी फोरमनला म्हटलंसुद्धा, "बघा, एवढ्या आवाजात राहून याचे कान पंचविशीतल्या पोराचे आहेत." मामा खाली उतरला. त्याच्यामागून कारखान्यातला रंगारी आत बसला. मी सूर सोडला, दिवा नाही. वाढवला, नाही. आणखी वाढवला. रंगाऱ्यानं दार ढकलून डोकं बाहेर काढलं.

"ताई, यात काहीच येत नाही हो."

मी मशीनच्या मागे हात घातला. हेडफोनचा प्लग निसटून लोंबत होता. मशीन सरकवलं तेव्हापासूनच.

म्हणजे मामाला एकही सूर गेला नव्हता आणि त्यानं एकही चुकवला नव्हता.

मी रंगाऱ्याला बाहेर थांबवलं आणि मामाला हाक मारली.

"मामा, परत बस."

"का गं? झालो ना पास?"

"बस म्हणते ना."

या वेळी प्लग नीट लावला आणि हाताला मुद्दाम आवरलं. एक सूर लगेच, दुसरा सहा सेकंदांनी, मग दहा सेकंद काहीच नाही. काचेतून मामा दिसत होता. डोळे मिटलेले, टाच हलकेच जमिनीवर पडत होती. तो मोजत होता. दहा सेकंदांच्या शांततेत त्यानं दोनदा बटण दाबलं. मग थांबला. मग डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघितलं आणि त्यानंतर खरंखुरं जे येत होतं तेवढ्यालाच बटण दाबायला लागला. वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झला, मला सत्तर डेसिबलपर्यंत चढावं लागलं, तेव्हा कुठे दिवा लागला.

बाहेर येऊन तो व्हॅनच्या पायरीवर बसला. "ताल बदललास यंदा," म्हणाला.

"कसला ताल?"

"तुझा. तीन ठोके, एक खाली, एक ठोका. मग सुराची पुढची पट्टी, परत तेच. सात पट्ट्या एका कानाला, सात दुसऱ्याला. इतका सरळ ताल तर शाळेच्या बँडलाही देत नाहीत. मध्येमध्ये मीच एखादा ठोका सोडायचो, खरं वाटावं म्हणून."

आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की दोन सुरांमधलं अंतर सतत बदलत ठेवा. मला पाठ होतं ते. पण साठ माणसं बाहेर रांगेत, त्यांची जेवणाची सुट्टी संपत आलेली, मग हाताला आपोआप एक गती येते. माझ्या हातानं त्याला सहा वर्षं सगळी उत्तरं सांगितली होती.

"मामा, आज प्लगच निघाला होता. तुला काहीच ऐकू आलं नसणार."

"नाहीच आलं. खालचे सूर तरी यायचे, आज तेही नाहीत. म्हटलं संपलं, एका दिवसात सगळं गेलं. हेडफोन काढल्यावर तू 'पुढचा' म्हणून ओरडलीस ते ऐकू आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला."

"आणि तरी मोजत बसलास?"

"मग काय करायचं होतं?"

मी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, पहिल्याच वर्षी दोन-तीन सूर आले नव्हते. "पोरीची पहिली नोकरी, पहिला दिवस, आणि पहिल्या फटक्यात मामाच नापास? म्हटलं बरं दिसत नाही." मी हसले नाही. मग तो बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, "पॅकिंगला टाकतात गं."

कानात दोष निघाला की प्रेसवरून उचलून पॅकिंगमध्ये पाठवायचं, हा तिथला नियम. बिजागऱ्या मोजून खोक्यात भरायच्या. तिथे आवाज नाही, म्हणून.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. मेल्यावरही चांगलंच असतं, आवाज नसतो."

कानात घालायचे बोळे त्याला कारखाना देत होता, ते त्याच्या खिशात असायचे. घालायचा नाही. प्रेसवाले कान उघडे ठेवतात, कारण साच्याला चीर जायला लागली की दणक्याचा आवाज आधी बदलतो. ते ज्याला ऐकू येतं तो वेळेत पेडलवरून पाय काढतो. मामाला सगळ्यांत आधी ऐकू यायचं. दोन माणसांची बोटं त्यामुळे शाबूत आहेत. ते आजही सांगतात.

मी त्या दिवशी खरे आकडे लिहिले. आठवड्यात तो पॅकिंगला गेला.

आवाजानं जाणारे कान सहसा एका टप्प्यावर थांबतात, तिथून पुढे वयाच्या चालीनं जातात. मी मामीला तेच सांगितलं होतं. पण आजोबा, म्हणजे मामाचे वडीलही, साठीच्या आत ठार बहिरे झाले होते हे माझ्या हिशेबात नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी सगळं बघून सांगितलं की याचे थांबणार नाहीत. वरच्या पट्ट्या गेल्यात, हळूहळू खालच्याही जातील. पहिल्याच वर्षी कळलं असतं तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तर काही वर्षं जास्त मिळाली असती. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला मामा माझ्या खोलीवर आला. काखेत बुटांची दोन खोकी.

"एक कॅसेट बनवायचीय. माझी मला. शेवटची."

"असं काय बोलतोस?"

"अगं रडू नकोस, काम आहे. तुझ्या त्या कॉम्प्युटरवर दिसतं ना, कुठल्या गाण्यात कुठला सूर किती ते? मला सांग, आधी कोणतं जाईल. त्या क्रमानं लावायचीत."

खोटं कशाला बोलू, मला काम मिळाल्याचा आनंदच झाला. त्याची सगळी गाणी मी कॉम्प्युटरवर घेतली. गाण्याचा आलेख पडद्यावर डोंगररांगेसारखा दिसतो, खाली ड्रमचे धक्के, मध्ये आवाज आणि गिटार, वर झांजा. त्यावर मी मामाच्या कानांचा आलेख ठेवला आणि काय काय बुडतंय ते बघत गेले. बावीस गाणी निवडली. ज्यात झांजा आणि बारीक गिटार ती वर, म्हणजे आधी जाणारी. पंख्याचं गाणं तिसरं, कारण पंख्याची कुरकुर अगदी वरच्या पट्टीत होती. मात्र एक गंमत निघाली. ज्या भिकार रेकॉर्डरनं वरचे सूर कधी पकडलेच नव्हते, त्याच्यावरची गाणी मामाच्या कानात जवळजवळ जशीच्या तशी होती. गमावण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच.

"म्हणजे गरिबाघरची पोरंच शेवटपर्यंत सांभाळणार," मामा म्हणाला.

बाविसावं, सगळ्यात शेवटचं, त्यांचं स्वतःचं गॅरेजमधलं गाणं. टायरांच्या चळतीवर ठेवलेल्या रेकॉर्डरवर बहुतेक नुसता मोठा ड्रमच आला होता. त्यात तिसऱ्या कडव्याला मामा एक ठोका आधीच घुसतो. बाकीचे गडबडतात, गाणारा गाता गाता फिस्सकन हसतो आणि मग सगळे कसेबसे सावरतात. त्या चुकीवरून मित्रांनी त्याला आयुष्यभर छळलं. गाणारा तर मरायला टेकला होता तेव्हा दवाखान्यात मामाला म्हणाला होता, "ठोक्या, मी जातोय, पण तू तुझ्या वेळेवर ये. आधी घुसू नकोस." हे गाणं ऐकताना मामाचा हात कायम टेबलावर चालायचा, आणि ती जागा आली की टेपमधल्या पोराबरोबर त्याचाही हात आधीच पडायचा. मग चेहरा वाकडा करून म्हणायचा, "इथे खाल्ली माती."

यादी मामीनं स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. मी निघताना ती जिन्यापर्यंत आली.

"मला एक सांग, त्या यादीत मी कितव्या नंबरावर आहे?"

"म्हणजे?"

"माझं बोलणं. पंख्याच्या आधी जाणार की नंतर?"

मला माहीत होतं. बोलण्यातले स, श, फ, त वरच्या पट्टीत असतात आणि मामीचा आवाज बारीक. ती पंख्याच्याही आधी जायला लागली होती.

"तू शेवटच्या पाच-सहात आहेस, मामी."

"लबाड," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला मी त्यांच्याकडे जायचे. मामा हेडफोन लावून यादी वरून खाली ऐकायचा. गाणं गेलं की नाही ते तोच ठरवायचा. "नुसता गोंगाट राहिला," म्हणायचा आणि पेन्सिलीनं नाव खोडायचा. पहिल्या वर्षात पाच गेली. कानातल्या मशीनचा उपयोग बोलण्यापुरता, तोही थोडा. गाणं त्यातून डब्यात खडे खुळखुळवल्यासारखं यायचं.

दुसऱ्या वर्षी मामीचं बोलणं त्याला कळेनासं झालं तेव्हा त्यानंच युक्ती काढली. माळ्यावरचा गिटारचा जुना अँप्लिफायर खाली आणला, मधल्या सुरांचं बटण पूर्ण पिळलं आणि मामीच्या हातात मायक्रोफोन दिला. तो खोका वरचं सगळं कापून फक्त मधलं जाड करून फेकायचा. मामी आधी लाजली. मग म्हणाली, "हॅलो, हॅलो, आंघोळीचं पाणी तापलंय." आवाज फाटका, गॅरेजमधून आल्यासारखा.

"आलं!" मामा ओरडला. "सगळं आलं!"

काही महिने ते घर तसंच चाललं. मामी ओट्यापाशी माइकवर बोलायची, खालच्या मजल्यावरच्या आजी वरच्यांना सांगायच्या की आज यांच्याकडे भांडण आहे, ऐकायला या. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आता कुठे ह्यांना माझं म्हणणं आवडायला लागलं." एक दिवस ती माइकवर बोलली आणि मामा वर्तमानपत्र वाचत राहिला. ती जवळ येऊन पुन्हा बोलली. मग तिनं अँप्लिफायर बंद करून त्याच्यावर धुतलेले कपडे घडी करून ठेवले. ते आजही तिथेच ठेवते.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी डावा कान एकदमच गेला. जिन्याचं गाणं, बाथरूमचं गाणं, एकाच बैठकीत चार नावं खोडली. मामानं पेन्सिल खाली ठेवली. मागे वळून मामीकडे बघून इतकंच म्हणाला, "तुझी सुटका झाली बघ."

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला फक्त बाविसावं उरलं. आम्ही तेवढंच लावायचो. अडीच मिनिटांचं गाणं, त्याच्यासाठी मी दोन बस बदलून जायचे. तो आता ओठ बघून बोलणं समजून घ्यायचा. दार आपटलं, भांडं पडलं तर मान वळवायचा. बाकी काही नाही. पण हे गाणं येतंय म्हणायचा. हात चालायचा, "खाल्ली माती" व्हायचं, मी निघायचे.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा तो टेबलापाशी तयारच बसला होता. मामी दारात लसूण सोलत उभी होती. मी हेडफोन त्याच्या कानावर बसवले, आवाज पूर्ण वाढवला. इतका, की मला समोर बसूनही सगळं ऐकू येत होतं. गाणं सुरू झालं. मामानं डोळे मिटले, दोन बोटं टेबलाच्या कडेवर पडायला लागली. पहिलं कडवं अचूक. दुसरं अचूक. तिसरं आलं. हेडफोनमधला वीस वर्षांचा पोरगा एक ठोका आधी घुसला, गाणारा फिस्सकन हसला.

मामाचा हात बरोबर वेळेवर पडला.

तो तसाच पुढे वाजवत गेला. टेपमधले चौघे अडखळत सावरत होते आणि मामा त्यांच्या पुढे, एकटा, सरळ, एकही ठोका न चुकता. गाणं संपायच्या आधीच त्याचं संपलं. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि हसून माझ्याकडे बघितलं.

"येतंय अजून. स्पष्ट येतंय," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं? चुकलो का कुठे?"

त्याला बरं वाटावं, एवढंच माझ्या मनात होतं. मी ओठ नीट हलवून, सावकाश म्हणाले, "नाही मामा. कुठेच नाही चुकलास."

बोलून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलून बसले ते. माझ्या तोंडाकडे बघता बघता त्याचं हसू तिथल्या तिथे राहिलं. मग त्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं, टेबलाच्या कडेकडे बघितलं, आणि त्याचे ओठ हळूच हलले. तो तिसरं कडवं मोजत होता. मोजून झाल्यावर मान हलवली.

"तरीच," म्हणाला. "मी विचार करतोय, तो हसला कसा नाही आज."

त्यानं उठून दाराआडची यादी काढून आणली. कागदाच्या कडा स्वयंपाकघराच्या वाफेनं मऊ झाल्या होत्या. पेन्सिलीला टोक नव्हतं, तर मामीनं लसणाची सुरी पुढे केली. त्यानं टोक काढलं, बाविसावं नाव खोडलं आणि कागदाची घडी करून ती माझ्याकडे दिली.

"तुझ्याकडे ठेव. तुमच्या फाइलला लागेल."

"मामा..."

"चला, छत्तीस वर्षांनी का होईना, वेळेवर आलो एकदाचा," तो म्हणाला. मामी आत गेली. तिनं नळ सोडला आणि सोडूनच ठेवला.

टेबलावरच्या हेडफोनमध्ये गाणं संपून टेप अजून चालू होती. त्या पोरांनी रेकॉर्डर बंद केलाच नव्हता. कोणीतरी शटर वर ढकलत होतं, कोणीतरी "परत घेऊ, परत घेऊ" म्हणत होतं. मामा वायर गुंडाळायला लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि ते संपेपर्यंत त्याला थांबवलं.